आचके म्हणजे श्वास नव्हे

मंडळी, मरणाच्या आसपासचे आपले शब्द फार नेमके आहेत. घरघर लागली. आचके देतायत. घरात कुणी असं म्हटलं की एकजण तुळशीपत्र आणायला धावतो, दुसरा देवघरात गंगेचा गडू शोधतो. संपलं, असंच आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीत हेच वर्णन ९११ या आपत्कालीन क्रमांकावर ऐकू आलं, तर पलीकडून आवाज येतो, "त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. मी सांगतो तसं करा." आज मी त्या आवाजाबद्दल बोलणार आहे.

मदतीचे फोन घेऊन रुग्णवाहिका पाठवणाऱ्या त्या माणसाला डिस्पॅचर म्हणतात. तो डॉक्टर नसतो आणि त्याला रुग्ण दिसत नाही. हृदय बंद पडल्यावर छाती दाबणारं कुणी नसेल, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही पळाली तरी काही मिनिटं जातातच, आणि तेवढ्या वेळात जवळ असते ती बायको, मुलगा, नाहीतर शेजारी. त्यांना शिकवायचं कधी? डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ठरवलं की आत्ता, फोनवरच शिकवायचं. तेव्हा फोन भिंतीवरचा, रुग्ण आतल्या खोलीत. सूचना ऐकायची, रिसीव्हर ठेवायचा, आत पळायचं, पुन्हा येऊन विचारायचं. मोबाइलच्या स्पीकरने केवढं काम सोपं केलं, बघा.

डिस्पॅचर मुख्य प्रश्न दोनच विचारतो. शुद्धीवर आहेत का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींना "नाही" आलं की लगेच सुरुवात.

गोम आहे ती "नेहमीसारखा" या शब्दात. हृदय थांबल्यावरही पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांचं शरीर थांबून थांबून हवा ओढतं. तोंड उघडतं, हनुवटी हलते, घशातून आवाज येतो. घरचे सांगतात, "श्वास चालू आहे, घोरतायत." डिस्पॅचर फसला तर इथेच फसतो. मग कुणी डिस्पॅचर म्हणतो, "ते श्वास घेतील तेव्हा दर वेळी 'आता' म्हणा." एक 'आता' येतो आणि मग बराच वेळ काहीच नाही. उत्तर मिळालेलं असतं.

इंग्रजी बोलणाऱ्याला त्या आवाजासाठी नेमका शब्द चटकन सापडत नाही. आपल्याकडे तो आजीलाही ठाऊक आहे. म्हणून मला वाटतं, मराठीत विचारायचं तर "श्वास नेहमीसारखा आहे का" एवढ्यावर थांबू नये. सरळ विचारावं, "आचके देतायत का?" महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. खेड्यातून येणाऱ्या फोनवर हा एक शब्द पुस्तकी मराठीतल्या चार वाक्यांचं काम करील.

आणि हृदय चालूच असलं तर? कुणाची बरगडी मोडली तर? ही भीती खरी आहे. पण किंग काउंटीतच हे तपासलं गेलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. हृदय चालू असताना फोनवरच्या सूचनेने छाती दाबली गेलेल्यांमध्ये हाड मोडल्याची उदाहरणं २ टक्क्यांच्या आसपास होती. दुसऱ्या बाजूला, न दाबल्याची किंमत तुम्हाला माहीत आहे.

तोंडाने श्वास देण्याचं काय? सिअ‍ॅटलमध्ये काही फोनवर फक्त छाती दाबायला सांगितलं, काहींवर श्वासही द्यायला. २००० साली आकडे आले. नुसतं दाबणाऱ्यांत १४.६ टक्के रुग्ण वाचून घरी गेले, दोन्ही करणाऱ्यांत १०.४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून त्यावर मी उड्या मारणार नाही. मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: नुसतं दाबण्याच्या सूचना ८१ टक्के वेळा पूर्ण सांगून झाल्या, दोन्हींच्या ६२ टक्के वेळा. घाबरलेल्या माणसाला जेवढं कमी सांगाल तेवढं त्याच्या हातून होतं. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासही हवेतच.

पलंगावर दाबू नका, गादी दबते, छाती नाही. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि तोंडात पाणी घालायचं नाही. गंगेचंसुद्धा नाही.

आता छाती दाबण्याच्या सरावाचा पुतळा पुढे घेतो. एकाने इथे सतरंजीवर बसायचं. दुसऱ्याने फोन घेऊन पडद्यामागे जायचं आणि तिथून मोजायचं: एक, दोन, तीन, चार. दाबणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. दोन मिनिटं. त्या दुसऱ्या रांगेतल्या काकू, तुमचा आवाज खणखणीत आहे, तुम्ही जा पडद्यामागे.