खोलीत कुणी आहे का?

(दृश्य: संध्याकाळचं ऑफिस. मीटिंग रूममध्ये एक बाई एकटीच कागद वाचत बसली आहे. अचानक दिवे जातात.)

वीज गेलेली नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये उजेड आहे. वाचनात ती इतकी गढून गेली होती, की बराच वेळ जागची हललीच नाही, आणि छताने धरून चाललं की खोली रिकामी झाली. आता ती हात वर करून हलवेल. दिवे लागतील.

(दृश्य: छतावरची पांढरी वाटी, अगदी जवळून.)

हा पीआयआर सेन्सर, म्हणजे उबेवरून हालचाल टिपणारा. नीट पाहा. वरचं प्लास्टिक गुळगुळीत नाही, त्यावर पोळ्यासारखे कप्पे आहेत. प्रत्येक कप्पा म्हणजे एक छोटं भिंग, आणि प्रत्येक भिंगाच्या वाट्याला खोलीचा एकेक तुकडा. आपल्या अंगातून ऊब सतत बाहेर पडते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. माणूस एका तुकड्यातून दुसऱ्यात सरकला, की आतल्या स्फटिकावर पडणारी ऊब बदलते आणि विजेचा बारीक ठोका पडतो. ऊब बदलली तरच ठोका. निश्चल बसलेलं माणूस त्याच्या लेखी भिंतीसारखंच. म्हणून शेवटच्या ठोक्यानंतर साधारण १५ ते २० मिनिटं वाट पाहायची आणि मग दिवे घालवायचे, अशी त्याला सवय लावलेली असते.

दिव्यांपुरतं हे चालून जातं. एसीचं तसं नाही. वीस जणांच्या खोलीत तिघंच बसले असतील, तर हवाही तिघांपुरतीच आत यायला हवी. तिथे डोकी मोजावी लागतात, आणि खरी कसोटी इथूनच सुरू होते.

मग श्वास मोजला तर?

स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. २० चौरस मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घट्ट बंद केली, तर एकट्या माणसाच्या श्वासाने तासाभरात त्यात जवळपास ३०० भागांची भर पडते. चार माणसं, चौपट भर. हिशेब सरळ आहे. पण कुणी खिडकी उघडली की तो कोलमडतो. शिवाय माणसं उठून गेली, तरी त्यांचा श्वास खोलीत रेंगाळतो, आणि रिकाम्या खोलीत पंखे फिरत राहतात.

रडार याहून तरबेज आहे. ते रेडिओलहरी सोडतं आणि आपटून परत आलेल्या लहरींवरून हालचाल ओळखतं. ६० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी ५ मिलिमीटर. श्वासागणिक छाती हलते तीही तेवढ्याच मापाने, काही मिलिमीटर. त्यामुळे शांत वाचत बसलेली ती बाई रडारला दिसते.

(दृश्य: ॲमस्टरडॅम, ‘द एज’ इमारत.)

ही इमारत २०१५ मध्ये जगभर गाजली. डेलॉइट या सल्लागार कंपनीचे सुमारे २,५०० कर्मचारी, टेबलं साधारण १,०००, आणि टेबल कुणाच्याच नावावर नाही. जवळपास २८,००० सेन्सर. इथल्या दिव्यांना वीज मिळते ती नेटवर्कच्या केबलमधून. त्याच वाटेने दिवा आपल्याखालच्या वावराची खबर देतो. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट साधी आहे: आज कुठली जागा जास्त वापरली गेली, हे सफाई करणाऱ्यांना कळतं, आणि जी जागा दिवसभर कोरी राहिली तिथे उगाच राबावं लागत नाही.

पण हीच मोजणी माणसाच्या अंगावरही येऊ शकते. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राचे पत्रकार सकाळी कामावर आले, तर टेबलांखाली छोटी खोकी बसवलेली. जागेवर कोण असतं, कोण नसतं, हे ती टिपणार होती. वीज आणि जागेच्या नियोजनासाठी, असं सांगण्यात आलं. पत्रकार खवळले आणि खोकी त्याच दिवशी निघाली. त्यांचं बरोबर होतं, असंच मला वाटतं. इमारतीला ‘किती जण’ हे कळावं. ‘कोण’ हे विचारायचं तिला कारण नाही.

(दृश्य: एका छोट्या उष्णता-सेन्सरचं चित्र पडदाभर.)

आठ ओळी, आठ रकाने. चौसष्ट चौकोन, बस्स. थंड चौकोन निळे, उबदार चौकोन केशरी. यात चेहरा नाही, कपडे नाहीत, बाई की पुरुष हेही कळत नाही. टेबलाभोवती चार केशरी डाग आहेत.

त्यातला एक उठतो. दाराच्या बाजूला सरकतो.

तीन.