मागच्या चाकाचा आवाज

(पहाट. रिकामा रस्ता. आधी नुसता आवाज, चित्र नंतर.)

ऐकलंत? गाडी थांबायला आली की शेवटच्या दहा-पंधरा फुटांत येतो हा आवाज. चीं करून लांब ओढल्यासारखा येतो आणि गाडी थांबली की एकदम बंद.

ही माझी व्हॅन, सात सीटची. आठवडाभर मागची सीट काढून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि शनिवार-रविवार सीट परत बसवून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी भाडी मारायची, हे गेली सात वर्षं चाललंय. सात रस्त्याला सिग्नलला थांबताना बाजूचा रिक्षावाला मान वळवून बघायचा, एवढा आवाज झाला होता. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजात दाखवली, त्यांनी डावं चाक काढलं, आवाज तिकडनंच येत होता म्हणून, दोन्हीकडं नवे ब्रेक शू, म्हणजे आतनं घासून चाक थांबवणारे तुकडे, टाकतो म्हणाले, बिल घेतलं, गाडी दिली. आठ दिवस शांत. नवव्या दिवशी परत चीं, आणि वर सकाळी गाडी काढली की खर्र खर्र असा दुसराच आवाज सुरू. परत नेली तर म्हणे मागं ड्रम ब्रेक आहे, आवाज करणारच.

हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. ओम्नी म्हणा, ईको म्हणा, एर्टिगा म्हणा, पुढं डिस्क आणि मागं ड्रम अशा व्हॅन आपल्याकडं रस्त्यावर रोज एवढ्या दिसतात, सगळ्या काय ओरडत फिरत नाहीत.

म्हणून मिस्त्रीमामांकडं आलो. जुळे सोलापूरच्या पुढं पत्र्याचं गॅरेज आहे त्यांचं, साठी ओलांडलीये, आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी पान्ह्याला हातच लावला नाही. म्हणाले, “आधी आवाज कुठनं येतंय ते बघू की, चाक काय, कधी पण काढता येतंय.”

(रिकाम्या मैदानात व्हॅन हळू चालतेय. हँडब्रेकवर हात.)

आता हे नीट बघा, घरी करता येण्यासारखं आहे, पण मोकळ्या जागेतच करायचं, रहदारीत नाही. गाडी दहा-पंधराच्या स्पीडला, पाय ब्रेकवर नाही, आणि हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरूनच दांडा हळूहळू वर घ्यायचा, म्हणजे कधीही सोडता येतो. आपल्या या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांचे शू दाबतो, पुढच्या डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे दांडा ओढला आणि आवाज आला तर तो मागचाच. आला, लगेच आला. ब्रेक न दाबतासुद्धा घुंऽऽ येत असेल आणि स्पीडबरोबर वाढत असेल तर तो बेअरिंगचा प्रकार, त्याचा रस्ता वेगळा.

मग मामांनी एक फेरी मारायला लावली, विजापूर रोडनं जाऊन आलो, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी मागच्या दोन्ही रिमजवळ हाताची पालथी बाजू नेली, टेकवली नाही, नुसती जवळ धरली. डावं चाक तापलेलं. उजवं जवळजवळ गार. ते काहीच बोलले नाहीत, मला वाटलं डाव्या चाकात घासतंय म्हणून तापलं असेल.

(गॅरेज. पुढच्या चाकांना दगड. मागं जॅक, खाली घोड्या.)

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागं जॅक, जॅकवर भरवसा न ठेवता घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड, लावलेल्या, हँडब्रेक सोडलेला. हँडब्रेक ओढलेला राहिला तर ड्रम या जन्मी निघायचा नाही. तसाही तो निघतच नव्हता. अशा वेळी लोक हातोडा घेतात आणि ड्रमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुटतं. ड्रमवर ही दोन आट्यांची भोकं दिसतायत का, त्यात 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट घालायचे आणि आळीपाळीनं थोडे थोडे आवळत जायचं, ड्रम आपणहून बाहेर सरकतो. बघा, आला.

आणि इथं थांबा. ही आत काळी-करडी पूड दिसतेय ना, ती हवेच्या पाइपानं उडवायची नाही. सगळ्या गॅरेजात उडवतात, मला माहितीये, मीपण समोर उभा राहून खाल्लीये. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं आणि नव्याची पूडसुद्धा फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. मामा तोंडाला कापड बांधतात, पाणी मारून भिजवतात आणि फडक्यानं पुसून घेतात, एवढं सोपं आहे.

आता आत काय काय आहे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेलं. वर छोटासा व्हील सिलेंडर, पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं त्यातले पिस्टन दोन्ही शूंना बाहेर ढकलतात, लायनर ड्रमला आतनं घासतं, चाक थांबतं, पाय काढला की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात. मागची जी थाळी आहे, बॅक प्लेट, तिच्यावर एका शूला तीन अशा सहा उंचवट्याच्या जागा असतात, शूची कड त्यांच्यावर टेकून सरकते. या जागांवरचं ग्रीस वाळलं की शू सरळ सरकत नाही, अडकतो, सुटतो, अडकतो, सुटतो, सेकंदाला कित्येक वेळा, आणि ड्रम तर बिडाचा, तो घंटेसारखा वाजायला लागतो. ती आपली चीं. नवीन शू टाकले की आठ दिवस गप्प का, तर तेवढे दिवस सगळं मऊ असतं. पण जागा कोरड्याच आहेत म्हटल्यावर आवाज येणारच परत.

(उंचवट्यांवर कॅमेरा अगदी जवळ.)

हे बघा, टॉर्च धरलाय. सहापैकी चार जागा चकचकीत, पॉलिश झाल्यासारख्या, आणि या एका जागेत तर शूच्या कडेनं नखाएवढी खाच पाडलीये. शू सरकताना या खाचेत येऊन बसायचा. स्प्रिंगही जुनीच ठेवलेली, काढून बाकावर नव्या स्प्रिंगेच्या बाजूला ठेवली तर दोन आटे सैल दिसतायत, एकीकडं निळसर झाक आलीये, म्हणजे तापून तापून ताकद गेली.

आणि खर्र खर्र कशाची, तर ड्रमच्या आत कडेला बोट फिरवा. पायरी लागतेय. जुना शू जिथंपर्यंत घासायचा तिथंपर्यंत ड्रम झिजला आणि बाहेरची कड तशीच उंच राहिली. नवीन शूची कड या पायरीला घासायची. शू बदलून ड्रम तसाच ठेवला की असं होतं.

एवढ्यावर मी खूश होतो. कारण सापडलं, चला, मिटवा म्हटलं. मामा म्हणाले, “उजवं काढ.” मी म्हटलं मामा, तिकडनं आवाजच नाही. “म्हणूनच काढ म्हणतोय.”

(उजवा ड्रम निघतो. कुणी बोलत नाही.)

उजवा ड्रम सहज निघाला, आणि आत सगळं ओलं. लायनर काळं, तेलकट, बोट लावलं तर सरकतंय. आणि शू नवीन नव्हतेच, बिलात दोन्हीकडचे पैसे लावलेले, इथं जुनेच.

इथं दोन शक्यता असतात. इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते अशा व्हॅनला ॲक्सलचं ऑइल सील गेलं तर गिअर ऑइल आत येतं, ते जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं, रंगावर सांडलं तर रंग उचलतं. मामांनी व्हील सिलेंडरची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जराशी उचलली, आणि टपकन थेंब पडला खाली. ब्रेक ऑइल. आतलं वॉशर गेलेलं.

मग सगळं जुळलं. उजव्या शूला ऑइल लागलेलं म्हणून तो घासतच नव्हता, म्हणून तो गार, म्हणून गप्प. मागचं सगळं काम डावं एकटं करत होतं म्हणून ते तापलेलं आणि ओरडणारं. जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडं ओढायची, ते मी चाकांच्या अलाइनमेंटवर ढकललेलं. आणि ब्रेक ऑइलची टाकी. गेल्या तीन महिन्यांत दोनदा लेव्हल खाली आली होती, मी टॉप-अप करून मोकळा. लायनर झिजलं की लेव्हल थोडी उतरते हे खरं, पण ते अगदी हळू. दोन महिन्यांत परत भरायला लागतंय म्हणजे ऑइल कुठंतरी जातंय, आणि ते कुठं जातंय हे मी विचारलं नाही, गॅरेजवाल्यानंही नाही. अशा गाडीत मी सात-सात माणसं घेऊन तुळजापूरचा घाट उतरत होतो. हे सांगताना अजून पोटात गोळा येतो.

(अक्कलकोट रोड. लेथवर ड्रम फिरतोय.)

दुरुस्ती भराभर सांगतो. दोन्ही ड्रम लेथवर, पायरी काढायला. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढं गेला तर ड्रम भंगारात, टर्निंग करायचं नाही. दोन्ही ड्रम एकाच मापाला. शेवटचा काप अगदी बारीक घ्यायला सांगा, नाहीतर लेथची आट्यांसारखी रेघ राहते, शू तिच्यावर चढत बाहेर सरकतो आणि टक करून परत आत येतो, म्हणजे एक आवाज घालवून दुसरा आणला. मामा वरनं पॉलिश पेपर आडवा-तिडवा मारतात आणि मग ड्रम साबणाच्या पाण्यानं धुतात, फडकं पांढरं निघेपर्यंत.

ऑइल लागलेले शू पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत लावतात बरेच जण. नका लावू. लायनरनं आत प्यालेलं ऑइल तापलं की परत वर येतं. शू चारही नवे, स्प्रिंगा नव्या, उजवा सिलेंडर आतनं खरवडलेला होता म्हणून नुसतं आतल्या रबराचं किट न टाकता अख्खा नवा. खाच पडलेली जागा वेल्डिंगनं भरून घासून सपाट केली. सहा जागांवर जास्त तापमानाचं ग्रीस, तेही मुगाच्या दाण्याएवढं, साधं चॅसीचं ग्रीस वितळून लायनरवर जातं. शू-स्प्रिंगा एका वेळी एकाच बाजूच्या खोलायच्या, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून बघायला राहते, आणि ॲडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग, डाव्या-उजव्याचे वेगळे असतात, ते मिसळू देऊ नका.

मग ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढणे. ड्रायव्हरची बाजू उजवी म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी, मग उजवं. मी आत बसून पॅडल दाबून धरायचं, मामा खालनं निपल, म्हणजे सिलेंडरचं हवा सोडायचं तोंड, पाव फेरा सोडणार, बुडबुडे येणार, ते आवळणार आणि “सोड” म्हणणार, त्याआधी पाय काढायचा नाही. पंचवीस-तीस वेळा झालं, टाकी मध्ये मध्ये भरत, तेव्हा पॅडल लाकडासारखं घट्ट लागलं. ऑइल ताज्या सीलबंद डब्यातलं, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 या प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना 205 अंशाच्या खाली उकळत नाही, ओलावा धरला की तीच हद्द 140 वर येते, आणि घाटात उकळलेलं ऑइल म्हणजे पॅडल पोकळ आणि पाय फरशीपर्यंत.

(होटगी रोड, सकाळ. व्हॅन थांबतेय. आवाज नाही.)

लायनर बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका म्हणाले मामा, तसंच चालवलं. रिमजवळ हात मी स्वतः नेऊन बघितला, दोन्ही सारखे कोमट.

पाचव्या दिवशी मामांनी परत बोलावलं, पैसे न घेता. उजवा ड्रम काढला, सिलेंडरची रबरी टोपी परत तशीच उचलली, पांढऱ्या कापडाचं टोक आत फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं.

कोरडं.