पडवीतला स्नोबोर्ड
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: देवगडजवळची एक वाडी. घराची पडवी. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर आडवी टाकलेली लांब फळी.]

आंब्याच्या पेट्यांवर टाकलेली ही फळी १७५ सेंटिमीटर लांब आहे. मधोमध रुंदी जेमतेम साडेअठरा. टीव्हीवर हवेत गिरक्या घेणारी पोरं ज्या स्नोबोर्डवर उभी असतात, तो याहून आखूड आणि चांगला तीन-चार बोटं जास्त रुंद असतो. हा वेगळ्या जातीचा, अल्पाइन बोर्ड. उड्या मारायला याचा काही उपयोग नाही. बर्फात पोलादी धार रुतवायची आणि त्या धारेवरच वळत डोंगर उतरायचा, एवढंच याचं काम. वळताना बोर्ड आडवा घसरला की मजा गेली. मागे बर्फात एक बारीक, सलग रेघ उरली पाहिजे. याला कार्व्हिंग म्हणतात.

देवगडात बर्फ दिसतो तो बंदरावर, बांगड्याच्या क्रेटमध्ये. मग ही फळी इथे आली कशी?

दुबईमार्गे. कोकणात याचं नवल नाही. इथल्या कित्येक घरांतले फ्रिज, पंखे आणि घरावरचे स्लॅबसुद्धा आखातमार्गेच आलेत. बोर्डाचा मालक तिकडे एसी डक्टिंगच्या, म्हणजे थंड हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांच्या, कामावर सुपरवायझर आहे. नाव सांगू नका म्हणाला. "नायतर गावात म्हणतले, ह्येका दुबैक कामधंदो नाय."

दुबईच्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ साली 'स्की दुबई' सुरू झालं. बाहेर अंग भाजणारं ऊन, आत शून्याखालचं तापमान आणि ४०० मीटर लांबीचा बर्फाचा उतार. आमचा गडी तिथे पहिल्यांदा गेला तो बर्फ बघायला नव्हे. एवढी मोठी जागा थंड ठेवतात तरी कशी, हे बघायला गेला. डक्ट बघायला गेला आणि बोर्डवर चढला.

[दृश्य: फळीची कड, अगदी जवळून. त्यावरून फिरणारं बोट.]

कडेला डोळा लावून बघा. कड सरळ नाही. टोकांना फळी रुंद, मध्ये बारीक, म्हणजे कडेतून एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा कोरून काढलाय. या बोर्डावर त्या वर्तुळाची त्रिज्या १२ मीटर आहे. बोर्ड सपाट असेपर्यंत तिचा उपयोग नाही. बोर्ड कलला, धार रुतली आणि अंगाच्या वजनाने फळी वाकली, की वळण सुरू होतं. जेवढं कलणं जास्त, तेवढं वळण आखूड. ४५ अंशांत कलला तर १२ मीटरचं वळण साडेआठ मीटरवर येतं. ६० अंशांत सहावर. हे कागदावरचं गणित झालं; बर्फ मऊ असेल तर धार आणखी खोल जाते आणि हिशेब बदलतो. पण ६० अंश म्हणजे काय, ते डोळ्यांपुढे आणून बघा. माणूस जवळजवळ आडवा होतो, हात बर्फाला टेकतो.

आणि म्हणूनच फळी अरुंद. रुंद फळी या धारेवरून त्या धारेवर यायला वेळ घेते. पण अरुंद फळीवर पाय आडवे ठेवले तर बुटांची टोकं बाहेर येणार आणि कलताना बर्फाला घासणार. टोक घासलं की धार सुटते आणि माणूस आडवा. यावर उपाय म्हणजे पाय तिरके ठेवायचे, ५० ते ६५ अंशांत, जवळजवळ पुढे तोंड करून. बूट स्कीच्या बुटांसारखे टणक प्लास्टिकचे. तारेच्या कड्यांनी ते फळीवर असे जखडतात, की घोटा हलला तरी बोर्डाला कळतं.

हा प्रकार काही काल-परवाचा नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, जपानमध्ये नागानोला, ऑलिंपिकमधली पहिली स्नोबोर्ड शर्यत झाली आणि ती याच जातीच्या बोर्डांची होती, जायंट स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायची शर्यत. पुढे २००२ पासून दोघं शेजारीशेजारी उतरू लागले, याला पॅरलल म्हणतात. २०१८ ला प्यॉन्गचांगमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने तर उसन्या स्कीवर सुपर-जी ही स्कीची वेगवान शर्यत जिंकली आणि आठवड्याभरात बोर्डवरचं पॅरलल जायंट स्लॅलमही खिशात घातलं.

एवढं असूनही दुकानात हे बोर्ड सहसा दिसत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी यातून बहुतेक अंग काढून घेतलं. उरले ते छोटे कारखाने. स्वित्झर्लंडमध्ये केसलर, अमेरिकेत कोलोरॅडोला डोनेक, कॅनडात ऑन्टारिओला कॉइलर अशी नावं या मंडळींच्या तोंडी असतात. त्यातले काही कारखाने तर एका-दोन माणसांच्याच हातावर चाललेले. तिथे जाऊन 'एक बोर्ड द्या' म्हणून चालत नाही. आपल्याकडे होडी बांधून घेताना होडीवाला विचारतो ना, जाळं कुठलं, माणसं किती, रोज वाळूवर ओढणार की जेटीला बांधणार? तशातला प्रकार. उत्तरं तयार नसतील तर होडीही चुकते आणि बोर्डही.

[दृश्य: मोबाइलवर चित्रित केलेलं गुदौरी, जॉर्जिया. पहाट. नुकताच दाबून सपाट केलेला उतार.]

उत्तरं मिळवायची तर बोर्ड चालवून बघावे लागतात. स्की दुबईचा उतार त्याला पुरेना. वळणं लागेपर्यंत उतार संपतो. दुबईत राहणारी बरीच माणसं हिवाळ्यात जॉर्जियाला जातात, तसा हाही गेला. गुदौरी हे कॉकेशस पर्वतातलं गाव, तिब्लिसीहून साधारण १२० किलोमीटर. उतार सुमारे २,००० मीटरपासून ३,२०० मीटरच्याही वर जातात आणि भरपूर रुंद आहेत.

आम्ही त्याला विचारलं, गुलमर्ग का नाही? आपलं आहे, उंच आहे, गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. तो हसला. गुलमर्गची ख्याती आहे ती भुसभुशीत, ताज्या बर्फासाठी. त्यात ही अरुंद फळी नाक खुपसून बसते. कार्व्हिंगला रात्री यंत्राने दाबलेला, सकाळी टणक झालेला बर्फ लागतो. त्यावर यंत्राच्या बारीक, समांतर रेघा अजून शाबूत असतात, तोवरचे पहिले दोन तास सोन्याचे. दुपारी सगळा चिखल.

बोर्ड चालवून बघण्यातही गंमत आहे. अनोळखी माणूस लिफ्टच्या रांगेत तुमचे टणक बूट बघतो आणि आपण होऊन बोलायला येतो, कारण या बुटांची माणसं डोंगरावर फारशी नसतातच. बुटांचं माप जुळलं तर स्वतःचा बोर्ड एका फेरीला देतो. ही दिलदारी खरी आहे, पण एका फेरीत बोर्ड कळतो असं जे म्हणतात ते मला पटत नाही. पहिल्या फेरीत आपण बोर्डाला घाबरलेलो असतो. दुसरं म्हणजे, धार बोथट असेल तर उत्तम बोर्डही घसरतो आणि दोष त्याच्या आकाराला लागतो. आमच्या गड्याने हे कामावरच्या सवयीने सोडवलं. तोच उतार, तीच वेळ, तेच पायांचे कोन, आणि आधी धारेवर नख घासून बघायचं. नखाचा कीस निघाला तरच बोर्ड तपासायला योग्य. मग लिफ्टमध्ये बसल्याबसल्या वहीत दोन ओळी. वहीची पानं आम्ही बघितली. एका ठिकाणी त्रिज्येबद्दल लिहिलंय, "१० मीटर: मजा, पण वेग वाढला की हा मला वळवतो, मी त्याला नाही." दुसरीकडे नुसतंच, "ट्रक."

[दृश्य: आनंदवाडी बंदर, देवगड. फायबरच्या होड्यांची दुरुस्ती चालू आहे. पॉलिशपेपरचा आवाज.]

पडवीतली फळी त्याने जुनी घेतलेली. एका हिवाळ्यानंतर ती एका वळणाला धरायची आणि दुसऱ्याला सोडायची. का, ते दुबईत कुणाला सांगता येईना. मे महिन्याच्या सुट्टीत तो ती घेऊन गावी आला आणि फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेला. काकांनी बर्फातला डोंगर कधी बघितलेला नाही. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि फळीवर टोकापासून वाजवत निघाले. टण, टण, टण. मागच्या पायाच्या पुढे चार बोटांवर आवाज बदलला.

"हय आयक. आवाज बद्द येता. थर सुटलो हा."

मग थरांची चर्चा रंगली. खाली प्लास्टिकचा तळ, कडेला पोलादी धार, मध्ये लाकूड, त्याच्या वर-खाली फायबर ग्लास. इथवर काकांना सगळं ओळखीचं. ते अडले टायटॅनलवर. हा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा. "पत्रो कशाक?" त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण धातूला रेझिन, म्हणजे थर चिकटवणारा राळेसारखा द्रव, नीट धरत नाही, आणि सुटलेला थर नेमका तिथलाच होता. पत्रा असतो तो थरथर मारण्यासाठी. टणक बर्फावर वेगात धार कापू लागते आणि उडी मारते; पत्रा ती थरथर पोटात घेतो. त्याबरोबर थरांमध्ये रबराच्या पातळ पट्ट्याही असतात. बदल्यात टायटॅनलची दोन दुखणी पत्करावी लागतात. जोरात आपटला तर बोर्ड वाकतो तो वाकलेलाच राहतो, आणि चुकीच्या ताणाने असा आतून सुटतो.

काकांनी होडीचं पॉलिएस्टर रेझिन वापरायला साफ नकार दिला. ते साच्यात ओतायला ठीक, चिकटवायला कुचकामी. इपॉक्सी हे चिकटवायचं रेझिन मागवलं. सुटलेल्या जागी सिरिंजने आत सोडलं आणि दोन फळ्यांमध्ये धरून शिकंजे आवळले. सध्या धरून आहे. काका म्हणतात तेवढ्यावर विसंबू नको. म्हणून नवा बोर्ड.

[दृश्य: जेवणाचं टेबल. लॅपटॉप, मोजपट्टी, वजनकाटा.]

ऑर्डरच्या फॉर्मवर पहिला प्रश्न वजनाचा आणि तिथेच माणसं खोटं बोलतात. त्याने ७८ लिहिलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काट्यार उभो रव आधी." काटा ८३ वर थांबला. मे महिना, हापूस, फणस. दुसरं काय होणार?

हे पाच किलो चालवून घेण्यासारखे नाहीत. बोर्ड किती ताठ ते मुख्यतः आतल्या लाकडाच्या जाडीवर ठरतं, आणि ताठपणा ढोबळमानाने जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी एक दशांशाने वाढवली की ताठपणा एक तृतीयांशाने वाढतो. कारागीर वजन बघून ही जाडी मिलिमीटरच्या अंशांत ठरवतो. वजन कमी सांगितलं तर बोर्ड मऊ येतो, वेगात पायाखाली दुमडतो. फुशारकीने वेग जास्त सांगितला तर उलट होतं. फळी वाकतच नाही आणि न वाकणारी फळी वळतही नाही.

मग बुटाचं माप. त्याचा पाय २८ सेंटिमीटर. साडेअठरा रुंदीच्या जुन्या बोर्डावर टाच घासू नये म्हणून तो ६५ अंशांपर्यंत गेला आणि गुडघे दुखवून घेतले. नव्यासाठी रुंदी २१ लिहिली, म्हणजे ५५ अंशांत पाय बसतील. त्रिज्या ११ मीटर, कारण वहीत १० च्या नावाने तक्रार होती आणि १२ ला गुदौरीच्या गर्दीत जागा पुरेना. लांबी त्याने कारागिरावर सोडली. मला हे शहाणपणाचं वाटलं. आपल्याला काय होतं ते सांगावं, आकडे शक्य तितके त्याला काढू द्यावेत. शेवटच्या रकान्यात, 'आणखी काही', त्याने सगळ्यात जास्त मजकूर लिहिला: उतार किती उभा, बर्फ किती टणक, डावं वळण कच्चं, कोणता बोर्ड ट्रक वाटला.

किंमत हजार डॉलरच्या पुढे, वर पाठवणावळ. हे बोर्ड बहुतेक उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या शेवटाला बनतात, म्हणून नंबर आधीच लावायचा. डिलिव्हरीचा पत्ता मात्र दुबईचा दिला. कारण पैशांचं नाही, हवेचं आहे.

[दृश्य: पाऊस. पोटमाळा. कपड्यात गुंडाळलेली फळी.]

सिंधुदुर्गात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि वर समुद्राची खारी हवा. जुन्या फळीच्या धारेवर पहिल्याच आठवड्यात तांबेरा चढला. बर्फावर चालतो तो मेणाचा थर इथे गंज थांबवायला लागतो. इस्त्रीने मेण वितळवून तळावर आणि धारेवर जाड थापायचं, खरवडायचं नाही, तसंच हिवाळ्यापर्यंत ठेवायचं. शेजारच्यांनी खोबरेल तेल सुचवलं. ते धारेला चालेल, पण तळाला लागलं तर पुढे मेण धरणार नाही. बुटांचं त्याहून नाजूक. पॉलियुरेथेनचे जुने बूट दमट हवेत आतून कुजतात, दिसायला धडधाकट राहतात आणि एक दिवस पायातच तुकडे होतात. त्यामुळे बूट इकडे येतच नाहीत.

राहता राहिला वरचा रंग. मापाच्या बोर्डावर हवं ते चित्र काढून मिळतं. घरात यावर दोन संध्याकाळी गेल्या. भाच्याला सिंधुदुर्ग किल्ला हवा होता. वहिनींनी गणपती सुचवला आणि स्वतःच जीभ चावली. ज्याच्यावर बूट घालून उभं राहायचं, त्यावर देव नको आणि किल्लाही नको. होडीवर काढतात तसे नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळे काढावेत, ही काकांची सूचना थोडा वेळ टिकली. शेवटी फॉर्मवर लिहिलं गेलं, 'साधा नारिंगी, चित्र नाही.' धुक्यात बोर्ड सुटून खाली गेला तर लांबून दिसायला हवा.