कंपनी आली रे!

(दृश्य: जुलैचा पाऊस. इंजिनिअरिंग कॉलेजचं फाटक, हॉस्टेलची गॅलरी.)

सातवं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय आणि हॉस्टेलमध्ये इस्त्रीला नंबर लागलेत. तिघांत मिळून एक टाय. आज कॉलेजात नोकरभरतीसाठी कंपनी येणार आहे.

चाळणी मात्र आधीच लागून गेलीय. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे 60 टक्के, आणि एकही विषय राहिलेला नको. बारावीला 58 पडलेला मुलगा आज कितीही सरस कोड लिहू दे, टीपीओ, म्हणजे कॉलेजातली भरती सांभाळणाऱ्या सरांच्या यादीत त्याचं नाव नाही. हजारो अर्ज वाचायला माणसं बसवावी लागतात. टक्क्यांची कात्री फुकटात चालते.

(दृश्य: सभागृह, मग कॉम्प्युटर लॅब.)

आधी कंपनीचं कौतुक, कंपनीच्याच तोंडून. मग ॲप्टिट्यूडची परीक्षा, टेक्निकल मुलाखत, शेवटी एचआरची. ‘बदलीच्या गावी जाल?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा अजून कुणी पाहिला नाही.

पवईच्या आयआयटीत हा हंगाम डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सुरू होतो. तिथे पहिल्याच दिवशी बोलावणं यावं म्हणून कंपन्या धडपडतात. इथे येतात ‘मास रिक्रूटर’, म्हणजे घाऊक भरती करणाऱ्या कंपन्या. “किती उचलले?” पोरं विचारतात. शब्द तोच आहे, उचलले.

इतके उचलायचं कारण साधं आहे. आयटी सेवांच्या धंद्यात एका अनुभवी माणसाच्या हाताखाली जितके कमी पगाराचे नवखे, तितका नफा जास्त.

(दृश्य: फोनवर बोलणारा मुलगा.)

पॅकेज साडेतीन लाख. घरी वडील लगेच बाराने भागतात: महिना 29 हजार! पण त्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी बोनससुद्धा धरलेला असतो. खात्यात येतात ते बरेच कमी.

बऱ्याच कॉलेजांत एकाला एकच ऑफर. हातात पत्र पडलं, की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. उरलेल्यांना संधी मिळावी म्हणून केलेला हा नियम, एरवी रास्तच. पण कंपनीने ही भरती वर्षभर आधीच्या अंदाजावर केलेली असते. काम येईल, या अंदाजावर. 2008 च्या मंदीत तो चुकला, 2022 नंतर पुन्हा चुकला. पत्रं होती, रुजू व्हायची तारीख पुढे पुढे जात राहिली.

(दृश्य: पुढचा जुलै. तेच फाटक.)

गेल्या वर्षीचा फ्लेक्स उतरवताहेत. त्यावर टायमधला फोटो, खाली पॅकेज. फोटोतला मुलगा गावी आहे. सकाळी उठल्यावर तो आधी मेल उघडतो.