दोन पराभव आणि पावणेचार फेऱ्या

मंडळी, शालेय स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षं स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलोय. मातीचं मैदान, पहाटे मारलेली फक्की, आणि पंधराशे मीटरची शर्यत. शिट्टी झाली रे झाली की एखादी पोरगी सुसाट सुटते. तिच्या शाळेची पोरं कठड्यावर चढून ओरडतात. दुसऱ्या फेरीत तिच्या पोटात कळ येते, कमरेवर हात जातो आणि मागच्या एकेक करून पुढे निघून जातात. पंधराशे कशी धावायची नाही, ते या पोरींनीच मला शिकवलं. कशी धावायची, ते मात्र केनियाच्या एका बाईकडे बघून कळलं. फेथ किप्येगोन.

तिच्या पदकांची यादी मी वाचणार नाही, ती मोबाइलवर मिळते. मला बोलायचंय ते तिच्या दोन पराभवांबद्दल.

त्याआधी शर्यतीबद्दल थोडं. १५०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर पावणेचार फेऱ्या. आठशेवाल्यांचा वेग लागतो आणि पाच हजारवाल्यांचा दमसुद्धा. बायकांना हे झेपणार नाही, असं जुन्या मंडळींचं ठाम मत होतं. १९२८ ला ॲमस्टरडॅमला आठशे मीटर ठेवली होती. धावून झाल्यावर बायका थकल्या, याचंच वर्तमानपत्रांनी इतकं तिखटमीठ लावून वर्णन केलं की ऑलिंपिकमधून ती शर्यतच १९६० पर्यंत गायब झाली. पुरुष थकले की पराक्रम, बाई थकली की बातमी! असो. बायकांची पंधराशे ऑलिंपिकमध्ये आली ती १९७२ ला, म्युनिकमध्ये. ल्युदमिला ब्रागिनानं ती ४ मिनिटं १.४ सेकंदांत जिंकली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेथचा जन्म जानेवारी १९९४ चा, नऊ भावंडांत ती आठवी. २०११ ला स्पेनमध्ये जागतिक क्रॉसकंट्रीची, म्हणजे ट्रॅकबाहेर मोकळ्या मैदानात धावायची, ज्युनियर शर्यत तिनं अनवाणी जिंकली. मग युवा विजेती, ज्युनियर विजेती, राष्ट्रकुल सुवर्ण. चढती कमान.

आता पहिला पराभव. २०१५, बीजिंग, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. समोर इथिओपियाची गेंझेबे डिबाबा, जिनं त्याच उन्हाळ्यात ३:५०.०७ असा विश्वविक्रम केलेला. शर्यत रेंगाळत सुरू झाली, सगळ्या घोळक्यानं. आणि शेवट बराच लांब असताना डिबाबानं असा काही जोर लावला की घोळका फुटला. फेथ दुसरी आली.

बरोबर एका वर्षानं, रिओ ऑलिंपिक. पुन्हा तीच डिबाबा, पुन्हा तीच संथ सुरुवात. पहिल्या फेरीला सव्वा मिनिटापेक्षा जास्त वेळ. विश्वविक्रमवाल्या बायका जॉगिंग करताहेत असं वाटावं! मग डिबाबानं मागच्या वर्षीचाच डाव टाकला, लांबून वेग वाढवला. फरक एवढाच की या वेळी फेथ तिच्या पाठीला चिकटलेली होती. पुढे जायची घाई नाही, मागे राहायची तयारी नाही. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती बाजूनं निघाली आणि संपलं. वेळ ४:०८.९२. आता ब्रागिनाचा आकडा आठवा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा सात सेकंद जास्त! कागदावर ही वेळ बघितली तर कुणीही नाक मुरडेल. पण शेवटचे ८०० मीटर या बायका दोन मिनिटांच्या आत धावल्यात. घड्याळ सगळं सांगत नाही, हे मी घड्याळ धरणारा माणूस सांगतोय.

२०१७ ला ती जगज्जेती झाली. जून २०१८ मध्ये मुलगी झाली, ॲलिन, सिझेरियननं. आणि २०१९ ला दोहामध्ये दुसरा पराभव. तिथे नेदरलँड्सच्या सिफान हसननं वाट बघणं वगैरे भानगडच ठेवली नाही. सुरुवातीपासून पुढे, ३:५१.९५. फेथ ३:५४.२२ मध्ये दुसरी. बाळंतपणानंतर सव्वा वर्षानं तिची ही तोवरची सर्वोत्तम वेळ होती, तरी हरली. म्हणजे चतुराई आता पुरणार नव्हती, नुसता वेगच हवा होता.

मग ती केनियातल्या कप्तागतला पॅट्रिक सँग यांच्या हाताखाली सराव करू लागली. सँग म्हणजे १९९२ च्या ऑलिंपिकचे स्टीपलचेसचे (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचे) रौप्यविजेते आणि मॅरेथॉनवाल्या किपचोगेचे गुरू. टोकियो ऑलिंपिकला हसननं पुन्हा तीच चाल खेळली. फेथ रिओसारखीच मागे चिकटून राहिली, फक्त या वेळी भन्नाट वेगात. वेळ ३:५३.११, तेव्हाचा ऑलिंपिक विक्रम. हसन तिसरी.

पुढचं पटकन सांगतो. २०२३ च्या जून-जुलैत तिनं पन्नास दिवसांत तीन विश्वविक्रम केले. फ्लॉरेन्सला पंधराशे, ३:४९.११, म्हणजे डिबाबाचा विक्रम गेला. आठवड्यानं पॅरिसला पाच हजार. मग मोनॅकोला मैल, ४:०७.६४. मैल संपल्यावर हरलेल्या सगळ्या जणी तिच्याभोवती गोळा होऊन मिठ्या मारत होत्या. हे दृश्य मी पुन्हा पुन्हा बघतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिसरं सुवर्ण. ट्रॅकवरच्या एकाच वैयक्तिक शर्यतीत सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारी ती पहिली बाई.

जून २०२५ मध्ये पॅरिसला चार मिनिटांच्या आत मैल धावायचा प्रयत्न झाला. खास पोशाख, वारा अडवायला पुढे-मागे धावणारे गडी. ४:०६.९१ वर ती थांबली. नियमात न बसल्यानं विक्रमही नाही. मला स्वतःला हा तमाशा फारसा रुचला नाही. पण नऊ दिवसांनी, ५ जुलैला, अमेरिकेत युजीनला ती साध्या शर्यतीत उभी राहिली आणि पंधराशे ३:४८.६८ मध्ये धावली. आजही... नाही, आकडे पुरे झाले.

घरी गेल्यावर रिओची ती अंतिम फेरी शोधून बघा. घड्याळ हातात घ्या, नजर मात्र फक्त तिच्यावर ठेवा. पहिल्या दोन फेऱ्या कंटाळा येईल. उठून जाऊ नका.