‘जाचाला कंटाळून’ : बातमीतलं वाक्य कोणाच्या तोंडचं?

(तालुका वार्ताहर आणि उपसंपादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘सासरच्या जाचाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या.’ हा मथळा तुम्ही लिहिला नसेल, तर निदान तपासून पानावर सोडला असेल. कंटाळा माणसाला कशाचा येतो? रांगेत उभं राहण्याचा, रोज तीच भाजी खाण्याचा. जिला मारलं, उपाशी ठेवलं, माहेरी फोन करू दिला नाही, तिला ‘कंटाळा आला’ असं आपण छापतो. वाक्यातला कर्ताही तीच. ज्यांनी जाच केला ते ‘सासरच्या’ या एका शब्दात विरघळून जातात. ‘विवाहितेचा मृत्यू, छळाच्या तक्रारीवरून पती व सासऱ्यावर गुन्हा’ असं लिहायला फारशी जास्त जागा लागत नाही. अशा बातमीत आत्महत्येची पद्धत लिहू नका, मथळ्यात तर मुळीच नको. शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या.

दुसरा नेहमीचा मथळा: ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. हे कारण कुठून येतं ते पाहा. आरोपी पोलिसांना काहीतरी सांगतो, ते प्रेसनोटमध्ये उतरतं आणि आपल्या पानावर येईपर्यंत बातमीदाराने शोधलेलं कारण होऊन बसतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आपण मात्र त्यातली सबब मेलेल्या बाईविरुद्ध चालवतो. ती स्वतः उत्तर द्यायला नाही. ‘जेवण वाढायला उशीर झाल्याने’, ‘किरकोळ वादातून’, ‘अनैतिक संबंधातून’ हे सगळे त्याच जातीचे शब्दप्रयोग. कारण द्यायचंच असेल तर ‘आरोपीने पोलिसांना असं सांगितलं’ एवढं लिहा आणि ते बातमीत खाली टाका.

त्याऐवजी पोलीस ठाण्यात तीन प्रश्न विचारा. तिने यापूर्वी कधी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवली होती का? तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याने तिच्या तक्रारीवरून घरगुती घटना अहवाल तयार केला होता का? न्यायालयाचा संरक्षण आदेश होता का? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात अर्जाची पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत व्हावा, असं म्हटलं आहे. तिचा अर्ज ८ महिने पडून होता असं हाती लागलं, तर बातमी तिथे आहे. ‘रागाच्या भरात’ झालेला म्हणून सांगितलेला खून पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या मारहाणीचं शेवटचं टोक असतो, आणि हे कागद मागितल्याशिवाय ते दिसत नाही.

लैंगिक गुन्ह्यांच्या बातमीत आपली भाषा आणखी घसरते. ‘मुलीवर अत्याचार झाला’, जसा पाऊस झाला. केला कोणी? ‘अब्रू लुटली’ हे तर कायमचं बंद करा. गुन्हा त्याने केला, अब्रू तिची कशी जाईल? ‘अतिप्रसंग’ हा शब्द काय घडलं तेच लपवतो. ‘विनयभंग’ हा कायद्याच्या मराठीतला शब्द आहे, त्यामुळे कलम सांगताना तो येणारच. पण त्याच्या पुढे साध्या शब्दांत एका वाक्यात कृती लिहा. त्याहून जास्त तपशील, कपडे, शरीर, क्रम, यातलं काही नको. अठरा वर्षांखालच्या मुलीबद्दल ‘शरीरसंबंध ठेवले’ असं लिहिणं चूकच आहे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यात, तिची संमती ही गोष्टच नाही.

‘नराधम’ या शब्दाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो वापरताना आपल्याला आपण पीडितेच्या बाजूचे वाटतो. खटला चालायचा आहे, तोवर तो ‘आरोपी’च, हे झालं कायद्याचं. पण मोठा तोटा वेगळा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या सुमारे ९५ टक्के गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. नराधम म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर अंधारातला अनोळखी राक्षस येतो. ज्या पोरीला मामा त्रास देतोय, तिला त्या राक्षसात मामा दिसत नाही. तिच्या आईलाही दिसत नाही.

आता पीडितेची ओळख लपवण्याचा मुद्दा. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत हे कारण पुढे करत आरोपींना सोडलं. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन पेटलं आणि १९८३च्या कायदादुरुस्तीत पीडितेची ओळख उघड करण्यास बंदी घालणारं २२८-अ हे कलम भारतीय दंड संहितेत आलं. आज ते भारतीय न्याय संहितेचं ७२वं कलम आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत. पण ते प्रकरण आजही त्या मुलीच्या नावानेच शिकवलं जातं. मी ते नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

नाव वगळलं की ओळख लपली असं आपण समजतो. ‘१४ वर्षांची, अमुक वस्तीवरची, वडील ट्रॅक्टरचालक, अमुक विद्यालयात नववीत’ असं छापलं की अख्ख्या गावाला घर कळतं. पॉक्सोच्या २३व्या कलमात नाव-पत्त्यासोबत फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजार यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यात प्रकाशकही जबाबदार धरला जातो. निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुरूनही ओळख पटेल असं काही छापायचं नाही, पीडिता मरण पावली असली तरी. ‘घरच्यांनी हो म्हटलं’ हे अशा वेळी पुरत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती आरोपी घरातला असतो तेव्हा. एक वर्तमानपत्र आरोपीचं नाव देतं, दुसरं ‘सावत्र बापाने’ लिहितं. दोन्ही शेजारी ठेवले की मुलगी सापडली. म्हणून नातं लिहायचं असेल तर नाव गाळा, आणि जिल्ह्याच्या वार्ताहरांनी आपसात एकच पद्धत ठरवून घ्या. चेहरा धूसर केलेल्या व्हिडिओत आवाज, घराचं दार, गणवेशाचा रंग राहून जातो, तेही तपासा. एफआयआरचा फोटो ग्रुपवर टाकणं हीसुद्धा ओळख फोडणंच आहे.

घरात मार खाणाऱ्या बाईशी बोलायचं तर आधी तिच्या सोयीचा क्रमांक आणि वेळ मध्यस्थाकडून घ्या. तिचा फोन नवरा तपासत असू शकतो, त्यामुळे आपणहून मेसेज नको, मिस्ड कॉल नको. पहिला प्रश्न ‘आत्ता बोलता येईल का?’ आणि ‘मधेच फोन ठेवावा लागला तर काय म्हणाल?’ ती ‘राँग नंबर’ म्हणाली की थांबायचं, परत लावायचा नाही. मजकूर कुठे येणार, ऑनलाइन किती काळ राहणार, कधीपर्यंत तिला नकार देता येईल, हे बोलण्याआधी सांगा. ‘तेव्हाच का नाही सोडलंस?’ हा प्रश्न वहीतून काढून टाका. घर सोडताना आणि सोडल्यावर धोका वाढतो. सांगताना तिचा क्रम चुकेल, तारखा हलतील. धक्का बसलेल्या माणसाची आठवण तशीच असते, त्यावरून ती खोटं बोलते असं ठरवू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितल्याचं दिसलं. म्हणून बातमीच्या शेवटची मदत-क्रमांकांची चौकट नुसती जागा भरायला नाही. त्यात १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, ११२ तातडीसाठी, हिंसा सोसलेल्या बायकांसाठीच्या जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा क्रमांक. बलात्काराच्या बातमीत एक ओळ आणखी: कोणत्याही रुग्णालयात उपचार मोफत मिळतात, गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. आणि ही चौकट मागच्या महिन्याच्या पानावरून उचलू नका. स्थानिक क्रमांक छापण्याआधी स्वतः लावून पाहा, दुपारी एकदा आणि रात्री दहानंतर एकदा.