मेसमधलं उष्टं, आवारातला पाला आणि विद्यार्थ्यांचे 60 तास

(महाविद्यालयीन विद्यार्थी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पर्यावरणासाठी विद्यार्थ्यांनी काय करावं, याची यादी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला, त्यानंतर पदवीच्या वर्गांत त्याचा पेपर आला, आणि दरवर्षी त्या पेपरसोबत प्रकल्पांच्या फायली जमा होतात. त्यातल्या बहुतेक फायली कुठून तरी उतरवलेल्या असतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तेवढ्याच वेळात खरं काम होऊ शकतं. वेळ किती आहे ते पाहा. एनएसएसचा स्वयंसेवक वर्षाला 120 तास देतो. नव्या अभ्यासक्रमातला क्षेत्रीय प्रकल्प किंवा समाजसंपर्काचा उपक्रम दोन क्रेडिटचा धरला, तर एका क्रेडिटला 30 याप्रमाणे 60 तास होतात. दहा जणांचा गट असेल तर 600 तास. एवढे मनुष्यतास कुठल्याही सल्लागाराकडून विकत घ्यायचे म्हटले तर कॉलेजला परवडणार नाहीत. हे तास आपल्याच आवारात मोजमापावर खर्च करा, एवढंच माझं आजचं सांगणं आहे. आधी मोजा, मग बदला, मग पुन्हा मोजा.

सुरुवात मेसपासून करा. तिथला कचरा रोज तयार होतो आणि रोज डोळ्यांना दिसतो. तीन बादल्या घ्या. एकीत स्वयंपाकघरातली सालं आणि देठं, दुसरीत काउंटरवर उरलेलं अन्न, तिसरीत ताटातलं उष्टं. लटकवायचा 50 किलोचा डिजिटल काटा पुरतो. आधी रिकाम्या बादलीचं वजन लिहून ठेवा. सलग 14 दिवस, रविवारची फीस्ट धरून, दोन्ही जेवणांनंतर वजन करा आणि त्या वेळी किती जण जेवले हेही लिहा. जेवणाऱ्यांचा आकडा नसेल तर शनिवार-रविवारी कचरा आपोआप कमी दिसतो आणि तुमची मोहीम यशस्वी झाल्याचा भास होतो. दुसरी चूक पाण्याची. ताट विसळलेलं पाणी उष्ट्याच्या बादलीत गेलं की वजन कितीतरी फुगतं. बादलीवर चाळणी ठेवा, निथळू द्या, मग वजन करा.

तीन बादल्या वेगळ्या ठेवायचं कारण असं की तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. काउंटरवर जास्त उरत असेल तर दोष ताटाचा नाही, अंदाजाचा आहे. आदल्या रात्री उद्याच्या जेवणाऱ्यांची नोंद घेणं आणि भाताचं दुसरं पातेलं उशिरा चढवणं, या दोन गोष्टींनी फरक पडतो. उष्टं जास्त असेल तर कुठला पदार्थ टाकला जातो ते बघा. बहुतेकदा ती एखादी ठरावीक भाजी असते, नाहीतर एकदम वाढलेला भात. वाढायला लहान डाव ठेवणं, अर्धी पोळी मागायची सोय करणं, हे पोस्टर चिकटवण्यापेक्षा उपयोगी आहे. पोस्टर आठवडाभर वाचलं जातं. डाव रोज हातात असतो.

उरलेल्याचं खत करायचं. इथे बऱ्याच कॉलेजांचे प्रकल्प महिन्याभरात वासामुळे बंद पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी. वाळलेल्या पाल्यात उलट. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असं लागतं. मेसमध्ये जे कमी आहे ते आवारातल्या झाडांखाली फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ढिगांनी पडतं, आणि अनेक ठिकाणी ते सकाळी सकाळी पेटवून दिलं जातं. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला मनाई केली, तरी धूर दिसतोच. तो पाला जाळणं म्हणजे वर्षभराच्या खताचं निम्मं साहित्य जाळणं.

हिशोब करू. समजा तुमच्या वसतिगृहातून दिवसाला 20 किलो ओला कचरा निघतो. त्याचं आकारमान साधारण 40 लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. त्याच्या दुप्पट, 80 लिटर, चुरलेला वाळका पाला लागेल. रोजचे 120 लिटर. एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा जाळीदार विटांचा हौद 1,000 लिटरचा. ढीग बसत जातो, म्हणून तो भरायला दहाएक दिवस लागतात. भरलेला हौद पिकायला साधारण 45 दिवस धरले, तर सहा हौद हवेत. बरीच कॉलेजं दोन हौद बांधतात आणि तिसऱ्या आठवड्यात कचरा कुठे टाकायचा या प्रश्नावर अडतात. वर्षात मेस 240 दिवस चालत असेल तर पाला लागतो सुमारे 19 घनमीटर. म्हणजे तीन मीटर बाय तीन मीटरची, दोन मीटरहून थोडी उंच पत्र्याची शेड. ती पावसाळ्याआधी भरलेली असली पाहिजे, कारण जुलैत कोरडा पाला मिळत नाही आणि नेमका तेव्हाच ओलावा हाताबाहेर जातो.

हौदाच्या तळाशी वीतभर काटक्या घाला, खालून हवा खेळली पाहिजे. मग ओल्याचा चार बोटं थर, त्यावर पाल्याचा दुप्पट थर. पहिल्या भरणीत शेणकाला किंवा जुनं खत घाला. शेवटचा थर नेहमी पाल्याचा. उघडं अन्न दिसलं की माश्या आणि उंदीर आलेच. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट पिळा. एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला कमी पडलाय, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ढिगाच्या पोटात तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसवर गेलं पाहिजे. लांब दांड्याचा तापमापी नसेल तर लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल इतकी गरम असेल तर ठीक चाललंय. दर चार दिवसांनी फावड्याने खालीवर करा.

वास हा निदानाचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झालाय, पाला वाढवा. सडक्या अंड्यांचा वास आला तर हवा पोचत नाही, उपसा आणि काटक्या घाला. वास नाही, उष्णता नाही, काहीच घडत नाही, तर ढीग कोरडा आहे किंवा फार लहान आहे. जाडसर, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरून औषध फवारू नका. त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात आणि अन्न झपाट्याने संपवतात. त्या दिसल्या म्हणजे वरचा पाल्याचा थर पातळ झालाय एवढं समजा. निलगिरीचा पाला हळू कुजतो, तो वेगळा साठवा. खत तयार झालं का हे पाहायला ओंजळभर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार. आंबूस वास आला तर अजून महिना ठेवा. त्याच खतात थोडी माती मिसळून मेथी पेरा. नुसत्या मातीतल्यापेक्षा कमी उगवली तर ते कच्चं आहे. झाडांना घालायची घाई करू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. हौद विद्यार्थ्यांनी सुरू करायचा आणि उपसायचा मात्र सफाई कामगाराने, असं करू नका. सुरुवात करण्याआधी त्या मावशींशी आणि दादांशी बोला. कचरा किती वाजता उचलला जातो, कुठल्या बादलीत काय येतं, प्लास्टिक कुठून मिसळतं, हे त्यांना नेमकं माहीत असतं. हातमोजे आणि गमबूट तुमच्या गटाच्या खर्चात धरा. उपसण्याची पाळी तुमची ठेवा.

पाण्याचं काम याहून सोपं आहे आणि परिणाम त्याच आठवड्यात दिसतो. गळका नळ दिसला की त्याखाली दहा मिनिटं मोजपात्र ठेवा आणि आलेल्या आकड्याला 144 ने गुणा. दहा मिनिटांत 100 मिलिलिटर म्हणजे दिवसाला 14 लिटरहून जास्त. डोळ्यांना न दिसणारी गळती रात्री सापडते. पहाटे दोन वाजता टाकीत येणारं पाणी बंद करा आणि टाकीतली पातळी पट्टीने मोजा. पाच वाजता पुन्हा मोजा. तीन मीटर बाय दोन मीटरच्या टाकीत पातळी 4 सेंटिमीटरने उतरली असेल तर 240 लिटर गेले. त्या वेळात कुणी पाणी वापरत नसेल तर ही गळती आहे, आणि ती बहुधा फ्लशच्या टाक्यांत असते. प्रत्येक टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि 15 मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबराचा वॉशर गेलाय. स्वस्त काम आहे, प्लंबरकडे ठरावीक खोल्यांची यादी द्या, म्हणजे तो टाळणार नाही. आरओ यंत्राखालीही दोन बादल्या लावा, एक शुद्ध पाण्याला, एक टाकाऊ पाण्याला. एक लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर जाताना दिसतील. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. रोज झाडांना घालू नका, त्यातले क्षार मातीत साचतात.

विजेबद्दल थोडक्यात. जुना पंखा साधारण 75 वॉटचा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला दहा तास आणि वर्षाला 200 दिवस धरले तर पंख्यामागे 90 युनिट वाचतात. महावितरणचं वर्षभराचं बिल ऑफिसातून मागून घ्या, त्यातला दर घाला, किंमत किती वर्षांत वसूल होते ते मांडा. प्राचार्यांना असा एका पानाचा कागद हवा असतो. लांबलचक अहवाल टेबलावर पडून राहतो.

आता वृक्षारोपण. त्याबद्दल मला काळजी वाटते. जुलैत 500 रोपं लावली जातात, फोटो निघतात, आणि मे महिन्यात कुणी मोजायला जात नाही. दोन फुटी खड्डा, पिशवी पूर्ण काढणं, गोल वळलेली मुळं सोडवणं, पाल्याचं आच्छादन, हे सगळं झालं तरी पाण्याचा प्रश्न उरतोच. डिसेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत आठवड्याला 10 लिटर धरले तर एका रोपाला 280 लिटर लागतात. 500 रोपांना 1 लाख 40 हजार लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे 28 टँकर, आणि हा फक्त पहिला उन्हाळा. तेवढं पाणी नसेल तर 50 लावा आणि तीन वर्षं सांभाळा.

त्याहून मोठी चूक जागेची. सोलापूर, अहिल्यानगर, बारामती, इंदापूर या पट्ट्यातली उघडी माळरानं पाहून एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरातल्या मुलांना वाटतं, इथे झाडं नाहीत, लावली पाहिजेत. मुरमाड उथळ माती, पाऊस कमी, पावसाळ्यात गुडघाभर गवत, मधूनच एखादी बोर किंवा हिवर, अशी जागा असेल तर ते उजाड जंगल नाही. ते गवताळ रान आहे आणि हजारो वर्षं तसंच आहे. लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक, चंडोल हे पक्षी, यांचं ते घर. माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं सोलापूरजवळचं नान्नज हे असंच माळरान. तिथे चर खणून गिरिपुष्पाची झाडं लावली की गवत जातं, त्यामागे मेंढपाळाचं चराऊ रान जातं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षीही जातात. शिबिर अशा गावात असेल तर कुदळ बाजूला ठेवा. तिथल्या धनगरांना विचारून गवतांची यादी करा, कुठलं गुरं खातात, कुठलं कधी फुलतं ते लिहा.

अशा नोंदींना खरी जागा आहे. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा अनेक नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या. शिबिराच्या गावची नोंदवही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) मागा आणि गावातल्या जाणत्या माणसांसोबत बसून ओळ न ओळ तपासा. गावात नसलेली झाडं सापडतील, असलेली सुटलेली सापडतील. दुरुस्त्या समितीपुढे ठेवा. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला क्षेत्रीय प्रकल्प मला सुचत नाही. मात्र एखाद्या वैदूने सांगितलेली औषधी माहिती त्याच्या परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकू नका. ते ज्ञान त्याचं आहे.

आवारातच राहून करायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची कॅम्पस पक्षीगणना असते. किमान 15 मिनिटं एका जागी किंवा ठरलेल्या वाटेवर, दिसलेले सगळे पक्षी, संख्येसह, ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. कावळे आणि पारवेही मोजायचे. नवख्यांची नेहमीची चूक हीच, फक्त दुर्मीळ पक्षी लिहिणं. सीझनवॉच या झाडांच्या ऋतुनोंदींच्या उपक्रमात एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, कळ्या, फुलं, फळं नोंदवायची. बहावा, पळस, आंबा, काहीही चालेल. आठवड्याला पाच मिनिटांचं काम आहे. पण मे महिन्याच्या सुट्टीत खंड पडतो आणि नेमका तोच बहाव्याच्या बहराचा काळ असतो. म्हणून सुट्टीत गावी न जाणाऱ्या दोघांना ते झाड नेमून द्या.

शेवटी नोंदीच्या वहीबद्दल. तुम्ही तीन-चार वर्षांत बाहेर पडाल, हौद आणि टाक्या तिथेच राहतील. वजनाचे तक्ते कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहिले तर पुढची तुकडी शून्यापासून सुरू करते. एक जाड रजिस्टर घ्या, ते ग्रंथालयात किंवा विभागात ठेवा, फाइलची प्रत कॉलेजच्या ईमेलवर ठेवा. पहिल्या पानावर काटा कुठे आहे, हौदाच्या शेडची किल्ली कुणाकडे, प्लंबरला कुणामार्फत बोलवायचं, महावितरणचं बिल कुठल्या टेबलावर मिळतं, हे लिहा. गटात निम्मी मुलं प्रथम वर्षाची घ्या. आणि मेसची पहिली वजनं जुलैत, ॲडमिशन संपून हजेरी स्थिरावली की लगेच घ्या. परीक्षेच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात घेतली तर पुढच्या वर्षी तुलना करता येणार नाही.